चार नंबरला डोळेच नाहीत : मिरजेच्या एका मडक्यातलं प्रकरण

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बजी जातीचे छोटे पोपट पाळणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा मिरजेहून फोन आला. "दादा, काल मडक्यात हात घातला. चार पिल्लं आहेत. त्यातल्या सगळ्यात बारक्याला डोळेच नाहीत रे. बाकीच्यांच्या डोक्यावर दोन काळे टपोरे गोळे दिसतात, याचं डोकं नुसतं गुलाबी. आंधळं निघालं बहुतेक. वेगळं काढून ठेवू का?"

मी म्हणालो, काढू नकोस, हातही लावू नकोस, उद्या येतो.

एवढं ठामपणे म्हणालो त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याच घरी असंच एक पिल्लू निघालं होतं. आजारी आहे असं समजून मी ते कापसाच्या डबीत वेगळं ठेवलं आणि रात्रीत ते गारठून गेलं. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू स्वतःची ऊब स्वतः राखू शकत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. त्या पिल्लाला काहीही झालेलं नव्हतं, त्याचे डोळे लाल होते इतकंच. मिरजेचं हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच. बाजारात ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात ते बजी आपल्याकडे घरोघरी आहेत, पण पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात मडक्यात डोकावून नीट बघणारे फार थोडे.

आधी जोडीबद्दल. नर हिरवा, पिवळ्या तोंडाचा, पाठीवर काळे पट्टे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या माळावर थव्याने फिरणारा मूळचा बजी असतो तसाच. मादी आकाशी, पांढऱ्या तोंडाची, तिचेही पट्टे काळे. दोघं बाजारातून आणलेली. त्यांचे आईबाप कोण, हे विकणाऱ्याला माहीत नव्हतं आणि बहिणीने विचारलंही नव्हतं. गॅलरीत पिंजरा, बाजूला तारेने बांधलेलं मातीचं मडकं, आत थोडा लाकडाचा भुसा. खायला राळे, बाजरी, कोथिंबीर आणि दांडीला अडकवलेला समुद्रफेसाचा तुकडा. सहा अंडी होती. एक टॉर्चवर धरल्यावर आरपार स्वच्छ दिसत होतं, म्हणजे पोकळ. उरलेल्या पाचांपैकी चार फुटली होती आणि पाचव्याला भोक पडलं होतं.

बजीची मादी एक दिवसाआड अंडं घालते आणि बहुधा पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते. प्रत्येक अंड्याला साधारण 18 दिवस लागतात, त्यामुळे पिल्लंही एक दिवसाआडच निघतात. पाच पिल्लांच्या घरट्यात थोरलं आणि धाकटं यांच्यात आठ दिवसांचं अंतर पडतं. आठ दिवस आपल्याला काहीच वाटत नाहीत, पण बजीच्या पिल्लाचं अख्खं रूप तेवढ्यात पालटतं. पुढचा सगळा घोळ या अंतरामुळेच झाला.

दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा पाचवंही निघालेलं होतं. नंबरवारीने वयं झाली 9, 7, 5, 3 आणि 1 दिवस. मादी खायला बाहेर पडेपर्यंत थांबलो. हात धुऊन चोळून गरम केले आणि एकेक पिल्लू ओंजळीत घेऊन गॅलरीच्या उजेडात पाहिलं. पिवळ्या बल्बखाली हे कधीच बघू नये, त्या उजेडात सगळेच डोळे तांबूस दिसतात. उन्हातही नको. सकाळचा सावलीतला उजेड सगळ्यात खरा. एका पिल्लाला मिनिटापेक्षा जास्त वेळ देत नाही, लगेच परत मडक्यात.

नुकत्याच निघालेल्या पिल्लाचे डोळे मिटलेले असतात, पण वरची कातडी इतकी पातळ असते की आतल्या बुबुळाचा रंग तिच्यातून दिसतो. नॉर्मल पिल्लाच्या डोक्याच्या दोन बाजूंना पिकलेली जांभळं ठेवल्यासारखे काळेभोर गोळे दिसतात. दोन आणि तीन नंबरला तसेच होते. एक नंबरचे डोळे उघडायला लागले होते आणि आत गडद दिसत होतं. चार नंबरला मात्र खरोखरच काही दिसत नव्हतं. गोळा हाताला लागत होता, पण रंग कातडीचाच. उजेडाकडे थोडं तिरकं धरलं तेव्हा आत डाळिंबाच्या दाण्यासारखी लाली चमकली. डोळे होते, धडधाकट होते, फक्त त्यात काळं रंगद्रव्य नव्हतं.

आणि पाच नंबर! एका दिवसाचा जीव, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. त्याचे डोळे काळे नव्हते आणि लालही नव्हते. कोकम पाण्यात भिजत घातल्यावर ते पाणी गडद होतं, तसा वाइनसारखा जांभळट रंग.

माझा भाचा सातवीत आहे. तो शेजारी वही घेऊन उभा होता. त्याने लगेच निष्कर्ष काढला, "मामा, चार आणि पाच सारखेच. धाकटे आहेत म्हणून रंग अजून भरला नाही. मोठे झाले की काळे होतील."

त्याचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, म्हणूनच थांबून समजावलं. वयाबरोबर डोळा गडद होतो असं धरलं, तर तीन दिवसांच्या पिल्लाचा डोळा एका दिवसाच्या पिल्लापेक्षा गडद हवा. इथे उलटं होतं. वयाने मोठं असलेलं जास्त लाल आणि लहान असलेलं जास्त गडद. म्हणजे ही एकाच रंगाची दोन वयं नव्हेत, हे दोन वेगळे रंग आहेत.

पाच नंबर सिनॅमन. या म्युटेशनमध्ये, म्हणजे रंगाच्या आनुवंशिक बदलात, मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होतं, पण ते तपकिरीवरच थांबतं, काळं होत नाही. पुढे पिसांवरचे पट्टे काळ्याऐवजी दालचिनीच्या रंगाचे येतात, नाव त्यावरूनच पडलंय. जन्मताना डोळा जांभळट असतो आणि आठवडाभरात इतका गडद होतो की मोठ्या पक्ष्यात नुसता डोळा पाहून ओळखणं कठीण. ही खूण जेमतेम पाच-सहा दिवस टिकते.

चार नंबरसाठी तीन शक्यता होत्या. पहिली आयनो, म्हणजे मेलॅनिन जवळजवळ नाहीच. हिरव्या वाणात तो पिवळाधमक ल्युटिनो होतो, निळ्यात पांढराशुभ्र अल्बिनो. दुसरी लेसविंग. हा सिनॅमन आणि आयनो एकत्र आल्यावर होतो, डोळे लाल आणि पिवळ्या किंवा पांढऱ्या अंगावर फिकट तपकिरी पट्टे. तिसरी फॅलो, डोळे लाल पण अंगाला रंग आणि तपकिरी पट्टे. तीन दिवसांच्या उघड्या पिल्लात या तिघांना वेगळं करणं शक्य नाही, आणि मी करतही नाही. कोणी तिसऱ्या दिवशी छातीठोकपणे 'अल्बिनो' म्हणून सांगत असेल, तर तो अंदाज सांगतोय एवढंच समजावं. वहीत आम्ही लिहिलं : "4 : लाल. आयनो / लेसविंग / फॅलो. पिसांच्या नळ्या येईपर्यंत थांबणे."

मात्र पिल्लांवरून बापाबद्दल त्याच दिवशी बरंच कळलं.

सिनॅमन, आयनो आणि ओपलाइन (पाठीवरचे पट्टे पुसट असलेला प्रकार) ही लिंगगुणसूत्रावरची म्युटेशनं आहेत. पक्ष्यांत माणसाच्या उलटा प्रकार असतो. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. नराच्या एका झेडवर सिनॅमन असेल आणि दुसरं साधं असेल, तर तो दिसायला नॉर्मल राहतो. त्याला स्प्लिट म्हणतात. मादीकडे झेड एकच, त्यामुळे तिच्यावर असेल ते दिसणारच. मादी सिनॅमनला स्प्लिट असूच शकत नाही. आपल्या जोडीतली आई साधी आकाशी होती, म्हणजे तिच्या झेडवर यातलं काही नव्हतं. मुलगे आईकडून एक साधं झेड घेतात, म्हणून ते सगळे नॉर्मल दिसणार. मुलींना झेड बापाकडूनच मिळतं. तेव्हा पाच नंबर मादी. चार नंबर आयनो असेल तर तीही मादी. पिसं नाहीत, नाकाचा रंग ठरलेला नाही, अंडं फोडून एक दिवस झालाय, तरी मादी हे पक्कं. पंचवीस वर्षं पक्षी पाळूनही या गोष्टीचं नवल मला कमी वाटत नाही.

फॅलोचं गणित निराळं आहे. ते लिंगगुणसूत्रावर नाही. त्यासाठी आई आणि बाप दोघंही स्प्लिट लागतात आणि पिल्लू नर किंवा मादी काहीही निघू शकतं. बाजारातल्या दोन अनोळखी पक्ष्यांत तोच दुर्मीळ गुण दडलेला असणं अवघड, म्हणून ही शक्यता मी शेवटी ठेवली.

पुढचा प्रश्न असा की बापाकडे सिनॅमन आणि आयनो दोन्ही असतील, तर ते एकाच झेडवर आहेत की दोन वेगवेगळ्या? एकाच झेडवर असते तर मुली बहुतेक नॉर्मल किंवा लेसविंग निघाल्या असत्या. नुसती सिनॅमन आणि नुसती आयनो अशा दोन वेगळ्या मुली निघायला दर वेळी गुणसूत्रांची अदलाबदल व्हावी लागते, आणि सिनॅमन व आयनो या जागा इतक्या जवळ आहेत की ती शंभरात तीनेक वेळाच होते. एका घरट्यात तसं दोनदा होणं फारच दूरची गोष्ट. तेव्हा एका झेडवर सिनॅमन आणि दुसऱ्यावर आयनो, हेच खरं धरायचं. असा नर मिळतो तो, उदाहरणार्थ, सिनॅमन बाप आणि ल्युटिनो आई यांच्यापासून. दोन फिक्या रंगाच्या पक्ष्यांना गडद हिरवा मुलगा होतो, कारण प्रत्येकाची उणीव दुसऱ्याचं झेड भरून काढतं. विकणाऱ्याला माहीत नसलेल्या या नराच्या आईबापांचा अंदाज त्याच्या मुलींच्या डोळ्यांतून असा आला.

हे खरं असेल तर या बापाच्या मुली जवळजवळ सगळ्या सिनॅमन किंवा आयनो निघणार. म्हणजे पहिल्या दिवशी काळेभोर डोळे असलेलं पिल्लू नर. भाच्याने वहीत 1, 2, 3 समोर 'नर' लिहून टाकलं. मीही बघितलं आणि मान डोलावली. तिथे चूक झाली, आणि ती माझी.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, पाच नंबरचे डोळे काळे व्हायला लागलेत. काल जांभळे होते, आज उजेडात धरल्यावरच कळतंय." मग जरा थांबून म्हणाला, "पण एक नंबर आपण नऊ दिवसांचा झाल्यावर पहिल्यांदा बघितला ना? तोपर्यंत त्याचेही काळे झाले असतील तर?"

पोराचं बरोबर होतं. आम्ही पाच पिल्लं एकाच दिवशी पाहिली आणि एकमेकांशेजारी ठेवून ताडली, पण ती एका वयाची नव्हती. बहिणीने मडक्यात पहिल्यांदा हात घातला तेव्हा एक नंबर सात दिवसांचं होतं, त्याच्या जांभळ्या डोळ्यांची वेळ कोणी न पाहताच निघून गेली होती. दोन नंबर सात दिवसांचं असताना पाहिलं होतं, त्याचाही पूर्ण भरवसा नाही. खात्रीने नर म्हणता येईल असं एकच, तीन नंबर. पाचव्या दिवशी त्याचे डोळे मिटलेल्या कातडीतून कोळशासारखे काळे दिसले होते, आणि पाच नंबरने त्याच वयात काय दाखवलं ते आता वहीत होतं. मी त्याला एक आणि दोन समोरचं 'नर' खोडायला सांगितलं. तेव्हापासून वहीत दिनांकाऐवजी वयाचा रकाना पहिला आला : दिवस 1, दिवस 3, दिवस 5, दिवस 7, आणि प्रत्येक पिल्लाची नोंद त्याच्या त्याच्या वयाखाली.

22 जानेवारीला पुन्हा गेलो. वयं आता 15, 13, 11, 9, 7.

मधल्या काळात लवही आली होती. पहिल्या आठवड्यानंतर पिल्लाच्या अंगावर जी दाट लव फुटते तिच्याकडे नीट पाहावं. नॉर्मलची लव राखाडी, धुराच्या रंगाची. ओपलाइनची पांढरी, डोळे मात्र काळे. पांढरी लव आणि काळे डोळे दिसले की लोक लगेच ओपलाइन म्हणतात. पण डबल फॅक्टर स्पँगललाही (स्पँगल हा गुण आईबाप दोघांकडून मिळालेला, जवळजवळ बिनपट्ट्यांचा पक्षी) डोळे काळे आणि लव फिकीच असते, म्हणून आईबाप काय आहेत ते आधी बघावं. आमच्या मडक्यात दोन आणि तीन नंबर राखाडी होते. एक नंबरचीही लव राखाडीच, कदाचित किंचित फिकी, पण मी पैज लावली नसती. एक गोष्ट मात्र खटकली. दोन नंबरचे पाय निळसर करडे होते आणि एक नंबरचे स्वच्छ गुलाबी. सिनॅमनचे पाय गुलाबी असतात. ही खूण एकटी पुरेशी नाही, पण ती पाहून पंख उलगडायची घाई झाली.

पंधराव्या दिवशी पंखांच्या नळ्यांची टोकं फुटलेली असतात. नळी म्हणजे पिसाभोवतीचं मेणचट वेष्टन, टोकाशी ते उकलून आतलं पीस ब्रशसारखं बाहेर येतं. दोन नंबरचा पंख ताणला, टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी आणि कडा पिवळी. मग एक नंबरचा. पिवळी कडा तशीच, पण मधला रंग तपकिरी, दुधाच्या चहासारखा. भाच्याने दोन्ही पिल्लं शेजारी धरली आणि काही न बोलता वहीत लिहिलं, "1 : सिनॅमन. मादी."

तीन नंबरच्या नळ्यांत पिवळा कुठेच नव्हता, पांढऱ्यात काळं. म्हणजे निळ्या वाणाचं पिल्लू. हे कळलं आणि बापाबद्दल आणखी एक गोष्ट हाती आली. बजीच्या पिसात निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या बारीक रचनेवर प्रकाश विखुरतो, मागे मेलॅनिनचा काळोख असतो, म्हणून निळं दिसतं. वर पिवळं असलं की ते हिरवं होतं. हे पिवळं पोपटवर्गाचं खास आहे, त्याला सिटॅकोफल्विन म्हणतात. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असं दिसलं की पॉलिकेटाइड सिंथेज या विकरात एकाच जागी झालेल्या बदलामुळे निळ्या बजीत हे पिवळं बनत नाही. हा गुण लिंगगुणसूत्रावर नाही आणि दोन्हीकडून यावा लागतो. आई निळी आहेच, पण पिल्लू निळं झालं म्हणजे हिरव्या बापाकडेही निळा दडलेला आहे. हिरव्याचे गडद हिरवा, ऑलिव्ह किंवा आकाशीचे कोबाल्ट, मॉव्ह हे बारकावे मात्र पिसं भरल्याशिवाय कळत नाहीत. त्याबद्दल नळीच्या वयात काही बोलू नये.

चार नंबरने त्या दिवशी डोळे उघडले होते. लालभडक, आत उजेड पेटल्यासारखे. ओंजळीतून मान वर करून ते मिचकावत होतं. बहीण शेजारीच होती. तिने बोट थोडं हलवलं, पिल्लाची मान बोटामागे गेली. "बघतंय रे," एवढंच ती म्हणाली. मी पिंजरा गॅलरीच्या आतल्या बाजूला सरकवायला सांगितला, कारण लाल डोळ्यांना कडक ऊन सोसत नाही. सकाळी दहानंतर त्या कोपऱ्यावर थेट ऊन येत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला चार नंबर 19 दिवसांचं झालं होतं. पंख, शेपूट, डोकं सगळीकडे नळ्या फुटलेल्या आणि सगळ्या पांढऱ्या. खिडकीशी धरून एकेक पीस पाहिलं. तपकिरीचा मागमूस असता तर लेसविंग किंवा फॅलो म्हणावं लागलं असतं. नव्हता. पिवळाही नाही. अल्बिनो, मादी. पाच नंबरच्या नळ्या पांढऱ्यात तपकिरी, म्हणजे निळ्या वाणाची सिनॅमन मादी, पहिल्या दिवशी डोळ्यांनी सांगितली होती तीच.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात नाकाच्या रंगाने यावर शिक्का मारला. एक, चार आणि पाच नंबरच्या नाकपुड्यांभोवती पांढरी कडी आली, ती मादीची खूण. दोन आणि तीनचं नाक सगळीकडे सारखं गुलाबी-जांभळं, म्हणजे नर. दोन नर, तीन माद्या, आणि तिघींपैकी एकीचेही पट्टे काळे नाहीत. बापाच्या दोन झेडांबद्दल जे धरलं होतं त्याला सोडून एकही पिल्लू नव्हतं.

चार नंबर मडक्यातून बाहेर आलं 36 व्या दिवशी, बाकीच्यांपेक्षा थोडं उशिरा. पहिले दोन दिवस ते दांडीच्या सावलीतल्या टोकालाच बसायचं. आता राळ्याच्या वाटीवर सगळ्यांत आधी तेच असतं. बहिणीने पाचातलं एकही पिल्लू द्यायचं नाही असं ठरवलंय. मी फक्त इतकंच सांगितलंय की भावंडांची जोडी लावायची नाही, मार्चच्या उन्हात मडकं बांधायचं नाही आणि या जोडीला ऑक्टोबरपर्यंत विसावा द्यायचा. मडकं उतरवून, उकळत्या पाण्याने धुऊन, माळ्यावर पालथं ठेवलंय.

वहीत दोन जागा मात्र रिकाम्या राहिल्यात. दोन आणि तीन नंबरचे नर दिसायला साधे आहेत, पण बापाकडून प्रत्येकाला एक झेड मिळालंय आणि त्यावर सिनॅमन किंवा आयनो यातलं एक असणार, हे जवळजवळ नक्की. कोणाकडे काय, हे त्यांच्या पिसांत दिसत नाही, डोळ्यांत नाही, नाकातही नाही. भाच्याने दोघांसमोर "स्प्लिट : ?" लिहून ठेवलंय आणि कंसात, "यांच्या मुली निघाल्या की दिवस 1 ला बघणे."